चरवी उघडण्याआधी

जमिनीत पुरलेलं काही सापडलं की गावातले लोक त्याला गुप्तधन म्हणतात, भगत त्याला माया म्हणतो आणि आम्ही तहसीलवाले त्याला 'निखात निधी' म्हणत असू. हा शब्द उच्चारताना माझे पहिले तहसीलदार दर वेळी अडखळायचे आणि मग चिडून म्हणायचे, "ते मडक्याचं प्रकरण आणा हो." मडक्याची प्रकरणं माझ्याकडे असायची. कारण एकच, माझं अक्षर चांगलं होतं आणि माझा पंचनामा वरच्या कचेरीतून कधी परत आला नव्हता.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझी सगळी नोकरी झाली. कारकून म्हणून लागलो, अव्वल कारकून झालो, नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. शेवटच्या बढतीबद्दल पुढे सांगावं लागणार आहे, टाळता येण्यासारखं नाही. कोणतं प्रकरण कोणत्या तालुक्यातलं ते मात्र सांगणार नाही, धरणाचं नावही लिहिणार नाही. आमच्या बाजूला धरणं काही कमी नाहीत. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ज्यांची घरं त्यात गेली त्यांना माझ्या सांगण्याची गरज नाही.

आधी कायदा सांगतो. हा कायदा इंग्रजांचा. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने सरकारला कळवायचं. दहा रुपयांची ही मर्यादा राणीच्या राज्यात ठरली, ती अजून तिथेच आहे. आता दहा रुपयांत मुरबाड स्टँडवर धड चहा मिळत नाही, पण कायद्याला चहा प्यायचा नसतो. कळवलं की सरकार जाहीर नोटीस काढतं. अमुक ठिकाणी अमुक सापडलं आहे, ज्याचा हक्क असेल त्याने यावं. त्यासाठी चार महिन्यांहून कमी नाही आणि सहा महिन्यांहून जास्त नाही अशी तारीख देतात. कोणी आलं नाही तर माल बेवारस. मग सापडणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात वाटणी. पण कोणी येऊन म्हणाला की हे माझ्या घरच्यांनी पुरलं आहे, शंभर वर्षांच्या आत पुरलं आहे, आणि साहेबांना त्यात तथ्य वाटलं, तर त्याला दिवाणी कोर्टात जायला मुदत मिळते. तथ्य वाटलं नाही तर दार बंद. साहेबांना काय वाटायचं हे बहुतेक वेळा आमच्या कागदावर ठरायचं.

हक्क सांगायला कोण येत नसे! एकाने स्वप्नाचा दाखला दिला. देवी स्वप्नात आली आणि म्हणाली, तो हंडा तुझा आहे. मी विचारलं, देवीने हंड्यात काय आहे ते सांगितलं का? तर म्हणाला, तेवढ्यात जाग आली. कल्याणहून एक गृहस्थ वंशावळीचं भेंडोळं घेऊन आले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नाणेघाटाच्या या अंगाला जे जे पुरलेलं आहे ते सगळं त्यांच्या खापरपणजोबांचं. त्यांना मी चहा पाजला आणि सांगितलं की सापडलंय ते एक कुदळीचं पातं आहे, न्यायचं तर घेऊन जा.

प्रामाणिक माणसं यायची ती वेगळीच पंचाईत करायची. एका शेतकऱ्याला बांध घालताना तांब्याची जुनी नाणी सापडली. दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन कचेरीत हजर. सगळी लखलखीत. त्याच्या आईने चिंच आणि राख लावून ती घासून काढली होती. मी कपाळाला हात लावला. म्हातारी म्हणाली, "सायबाच्या हातात काय मळकं द्याचं?" पुढे जे तज्ज्ञ आले त्यांनी ती नाणी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत ठेवून दिली. त्यांना जे वाचायचं होतं ते सगळं चिंचेत गेलं होतं. मी ही गोष्ट पुष्कळ वर्षं लोकांना हसून सांगत आलो. आता सांगताना हसू येत नाही, कारण त्या म्हातारीने चिंचेने केलं तेच मी पुढे पेनाने केलं.

पंचनामा म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. जागेवर जायचं. दोन त्रयस्थ माणसं पंच म्हणून बोलवायची. त्यांच्या डोळ्यांदेखत जे दिसतं ते लिहायचं, वस्तू एकेक करून, आकार, वर्णन, स्थिती. लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं, पंचांच्या सह्या घ्यायच्या, माल सील करायचा. जबाब नंतर. पंच यायच्या आधी जे घडलं, जे कोणी बोललं, ते पंचनाम्यात नसतं. मला हे सगळं पाठ होतं आणि त्याचा अभिमान होता. नवीन पोरांना मी सांगायचो, पंचनाम्यात कानाने ऐकलेलं लिहायचं नाही, डोळ्यांनी बघितलेलं लिहायचं.

तर त्या वर्षी धरणाच्या दरवाजांचं काही काम निघालं आणि पाणी पार तळाला नेलं. एरवी उन्हाळ्यात पाणी ओसरतं, पण जुनी गावठाणं उघडी पडत नाहीत. त्या वर्षी पडली. घरांचे चौथरे, विहिरीचा काठ, गावदेवीचा दगड, सगळं गाळातून वर आलं. ज्यांची गावं होती ती माणसं नारळ घेऊन बघायला आली. वरच्या पुनर्वसनातून चालत आली, कोणी स्टेशनला उतरून जीप करून आली. पोरांना सांगत होती, हितं आमची चूल, हितं गोठा.

आणि त्यांच्या आधी दोघे मशीनवाले आले होते. काठीला तबकडी लावलेलं ते यंत्र, जमिनीवरून फिरवलं की धातूवर वाजतं. शहरात ते सहज विकत मिळतं. माझी त्याच्याशी ओळख नंतर झाली, ते कचेरीत जप्त होऊन पडलं होतं तेव्हा. लोखंडावर भसाडं वाजतं, चांदीवर बारीक आणि स्वच्छ. बुडालेल्या गावात ते सारखंच वाजत राहतं. खिळे, विळ्यांचे तुकडे, बैलांचे नाल, बाटल्यांची बुचं. त्या दोघांनी आठ दिवस बुचंच काढली असतील. नवव्या दिवशी एका चौथऱ्यावर, जमिनीत बसवलेल्या दगडी उखळाखाली बारीक वाजलं. उखळ उपटून त्यांनी खणलं आणि हातभर खाली पितळी चरवी लागली. पिशवीत घालून ते गाडीकडे निघाले आणि नारळ घेऊन आलेल्या बायकांच्या तावडीत सापडले. बायकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं नाही. पोलीसपाटील आले, तहसीलला फोन आला आणि मी तलाठ्याला घेऊन जीपने निघालो.

पोचलो तेव्हा मशीनवाले करंजाच्या एका वाळक्या खोडाजवळ बसवून ठेवलेले, आणि चरवी चौथऱ्यावर मधोमध. तिच्या तोंडावर पितळी वाटी उपडी घालून लाखेने सांधलेली. लाख शाबूत होती. भोवती, पोलीसपाटलांनी जरा लांब रोखून धरलेली, पन्नासेक माणसं. पंच म्हणून जवळच्या आश्रमशाळेतल्या दोन गुरुजींना आणायला मी तलाठ्याला धाडलं, फोल्डर उघडला आणि कार्बन लावायला घेतले.

तेवढ्यात एक बाई पुढे आल्या. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, नऊवारीचा काष्टा, कपाळावर कुंकू नाही. बरोबर सून होती, संगीता नावाची. बाईंचं नाव चांगुणाबाई. ज्या चौथऱ्यावर आम्ही उभे होतो तो त्यांच्या घराचा.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "उघडायच्या आधी मी सांगते आत काय हाये त्ये."

मी कार्बन सारखे करत होतो. म्हटलं, "आजी, थांबा. पंच येऊ द्या."

"सासूनं पुरलीया माझ्या. मी लाख वितळवून दिली व्हती." आणि मग त्यांनी सांगितलंच. एकेक बोट मिटत. राणीछाप रुपये, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले. गळ्यातली चांदीची सरी. मनगटातल्या गोठांची जोडी, त्यातला एक वाकलेला, कारण तो घालून त्या जात्यावर पडल्या होत्या. एक कवडी, सासूने शकुनाची म्हणून टाकलेली. "नि एक वाळा. पोराचा. येकच हाये, भाऊसाहेब. जोडी नाय."

मी ऐकलं. समोर उभं राहून माणूस बोलतंय तर ऐकू येणारच. पण लिहिलं नाही, कारण गुरुजी अजून वाटेत होते.

गुरुजी आले. चांगुणाबाई पुन्हा काही बोलायला लागल्या तेव्हा मी हात वर केला आणि म्हणालो, "जबाब नंतर घेतो आजी. आधी पंचनामा." भाऊसाहेब म्हणतात म्हणजे तसंच असणार, असं समजून त्या गप्प बसल्या. ही आमच्याकडच्या माणसांची जुनी खोड आहे. कचेरीतला माणूस थांब म्हणाला की थांबतात.

लाख फोडली. काळी पडलेली चांदी एकेक करून मी पांढऱ्या कापडावर मांडली. कुजलेल्या कापडाच्या लगद्यात रुपये. सरी. गोठ दोन, पैकी एक वाकलेला. कवडी एक. लहान मुलाच्या पायातला वाळा, एक. मी लिहीत होतो आणि माझं अक्षर त्या दिवशी फार छान लागलं होतं. लिहून झाल्यावर नियमाप्रमाणे मी ती सगळी यादी उभं राहून, पन्नास माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवली. गुरुजींनी सह्या केल्या.

चांगुणाबाई जवळ येऊन म्हणाल्या, "वाळा जरा हातात द्या."

मी म्हटलं, "मुद्देमालाला हात लावता येत नाही, आजी." तो वाळा माझ्या दोन बोटांत मावत होता. मी तो पाकिटात घातला आणि लाखेचं सील केलं. पुन्हा लाखच.

त्यानंतर मी त्यांचा जबाब घेतला. त्यांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं आणि मी ते शब्दशः उतरवून घेतलं. खाली वेळ टाकली. वेळेच्या बाबतीत मी पक्का होतो. जबाबाची वेळ पंचनाम्याच्या वेळेनंतर पाऊण तासाची होती.

जबाब लिहून झाल्यावर मी विचारलं, घर सोडताना ही चरवी का नाही काढली? तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. धरणाच्या मोजणीवाल्यांनी डोंगराच्या अंगाने चुना फासलेले दगड रोवले होते. पाणी इथवर येणार, असं त्या दगडांचं सांगणं. त्यांचं घर दगडांच्या वरच्या बाजूला होतं. खालची घरं उठली, यांना कोणी उठवलं नाही. सासू म्हणाली, सरकारचा दगड खाली हाये, मंग आपल्याला काय? आणि सरकारी दगडावर विश्वास ठेवून तिने घरातली चांदी उखळाखाली पुरली, कारण उठलेल्या गावांत चोऱ्या होत होत्या. पहिल्याच पावसाळ्यात पाणी दगड ओलांडून आलं. भात पोटरीला आलं होतं. शेळ्या, भांडी आणि म्हातारी एवढंच बाहेर काढता आलं. दगड चुकीच्या जागी लागले होते, असं नंतर कोणीतरी सांगितलं. ते कोणी लावले त्याचा पंचनामा झाला नाही.

वाळ्याचं त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

नोटीस निघाली. चावडीवर लागली, दवंडी झाली. हक्क सांगायला तिघं आले, त्यातले दोघं असेच होते. मशीनवाल्यांचा प्रश्न नव्हता, त्यांनी कळवलं नव्हतं, पळत होते, त्यामुळे त्यांचा वाटा बुडाला. जमीन धरणात संपादन झालेली, म्हणजे सरकारची. आता बाई आणि सरकार, एवढाच सामना उरला. दिवाळीच्या तोंडावर सुनावणी लागली. तोवर धरण भरलं होतं आणि चौथरा पुन्हा पाण्याखाली गेला होता.

सुनावणी घेणारे साहेब वाईट नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण वाईट साहेब असते तर मला बरं पडलं असतं. त्यांनी चांगुणाबाईंना खुर्ची दिली. म्हणाले, "आजी, नाणी सगळी राणीची आहेत. म्हणजे पुरणारा माणूस त्या काळातला, शंभर वर्षांच्या पलीकडचा, असंच दिसतं."

"राणीचं रुपयं सासूच्या सासूचं, साहेब. आमच्यात मोडीत नाय न कुणी."

"बरं. तुम्ही वस्तू बरोबर सांगितल्यात. पण त्या आधी यादी वाचून दाखवली होती. गावातल्या पन्नास जणांना ती सांगता येईल."

"वाचायच्या आधी सांगितली मी. भाऊसाहेबांना इचारा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. संगीता सासूच्या मागे उभी होती, ती म्हणाली, "व्हय साहेब, मी पण व्हते." साहेबांनी मान हलवली. सुनेची साक्ष ती सुनेची साक्ष. गुरुजींना आधीच विचारून झालं होतं आणि ते खरं बोलले होते. ते आले तेव्हा असं काही झालं नव्हतं. उरलो मी.

"कारकून, बाई उघडण्याआधी काही बोलल्या होत्या का?"

त्या महिन्यात नायब तहसीलदारांच्या बढतीची यादी निघायची होती. माझं नाव वर होतं. आणि दुसऱ्या एका प्रकरणात, माझा दोष नसताना, एका कागदाबद्दल माझ्याकडून खुलासा मागवला होता. आता हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग निदान जबाबात तसं नोंदवलं का नाही? माझं काम अपुरं आहे असं प्रथमच कागदावर आलं असतं. हे सगळं मी त्या एका क्षणात आवरून घेतलं. मनाची तयारी करायला मला वेळ लागला असं म्हणून मी स्वतःला सोडवणार नाही.

मी म्हणालो, "तसं नोंदलेलं नाही, साहेब."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. नोंदलेलं नव्हतंच.

चांगुणाबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं होतं की आपलंच काही चुकलं असावं, आपण तेव्हा हळू बोललो असू. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेबांना ऐकू गेलं नसंल."

साहेबांनी तरी एक प्रयत्न केला. म्हणाले, "वाळा एकच का? जोडीचा दुसरा तुमच्याकडे असेल तर दाखवा. जोड जुळली तर मी तुम्हाला कोर्टात जायला मुदत देईन. तो मोठाच पुरावा होईल."

चांगुणाबाईंनी आधी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दुसरा त्याच्या पायात हाये."

त्यांचं पहिलं मूल दहा महिन्यांचं होऊन तापाने गेलं होतं. इतक्या लहान मुलाला पुरतात. घरामागे करंजाखाली पुरलं. वाळे काढायला घेतले तेव्हा एक निघाला आणि दुसरा सुजलेल्या पायातून निघेना, तेव्हा सासू म्हणाली, ऱ्हाऊ दे गो, त्याचा त्याला. निघालेला तिने चरवीत टाकला. त्याचं दुसरं काही नव्हतं, फोटो नाही, अंगडं नाही.

साहेबांचा आवाज खाली आला. पण ते साहेब होते, पुरावा दिसत असताना त्यांना गप्प बसवेना. "आजी, मी उन्हाळ्यापर्यंत तारीख देतो. पाणी उतरलं की तुम्ही जागा दाखवा. मशीन आपल्याकडे जमा आहे. दुसरं काही हलवायचं नाही, फक्त तेवढं..."

"नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. खुर्चीवरून उठल्याच. "पोराच्या पायातलं काढाया मी नाय सांगायची. तुमचं रुपयं तुमी घ्या. सरी घ्या, गोठ घ्या. मला त्यो वाळा तेवढा द्या. मी मरंन तवा माझ्याबरूबर द्या म्हनून सुनंला सांगितलंय."

कायद्यात असं तुकड्याने देता येत नाही. बेवारस तर सगळं बेवारस. साहेबांनी तसा आदेश लिहायला सांगितला. लिहिला मीच.

माझी बढती झाली. पेढे वाटले. चरवी आणि आतला सगळा माल सीलबंद होऊन जिल्ह्याला गेला. पुढे तो एखाद्या संग्रहालयाच्या कपाटात गेला की तिथेच पोत्यात पडला आहे, मला माहीत नाही. निवृत्तीआधी दोनदा मी चौकशी केली. पत्र पाठवलं की पोच यायची, उत्तर यायचं नाही. आमच्यासारख्यांनीच बसवलेली पद्धत ती, तक्रार कोणाकडे करणार?

चांगुणाबाई मधल्या काळात एकदा कचेरीत आल्या होत्या. संजय गांधी योजनेच्या अर्जासाठी. मी लगबगीने त्यांचा अर्ज स्वतः भरून दिला, रांगेत उभं राहू दिलं नाही. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमी लय चांगलं हाये." मी मान खाली घालून अर्जावर शिक्का मारला. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. नंतर पुष्कळदा वाटलं की त्या बाजूला काही काम काढून त्यांच्या घरी जावं आणि सांगावं. पण सांगून काय करणार, माल परत आणणार का, असं स्वतःलाच विचारून मी गप्प बसायचो. निवृत्तीनंतर वर्षभरात कळलं की त्या गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात धरण पुन्हा बरंच उतरलं. मी जीप करून गेलो. कशाला गेलो हे घरात सांगता आलं नाही. चौथरा अर्धा गाळात होता. उखळ अजून उलटंच पडलेलं. संगीता गावदेवीच्या दगडापाशी नारळ फोडत होती. तिचे केस आता पिकलेत. तिने मला ओळखलं.

"या भाऊसाहेब," ती म्हणाली, आणि नारळाची एक कवड माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "चला, दाखवते."

घरामागे करंजाचं खोड होतं, आता बुंधा तेवढा उरलेला. त्याच्या मुळाशी मांडीएवढा खोल खड्डा. शेजारी एक चपटा दगड पालथा पडलेला, खालची बाजू वर. खड्ड्याच्या कडेला सिगारेटचं पाकीट. असे खड्डे सगळ्या गावठाणात होते, पण इतर ठिकाणी मी बघितलं नाही.

"कोणी खणलं?"

"कोन जाने. मशीनवालं दर उन्हाळ्यात येतात आता. रविवारी तर जत्राच असती."

"काही मिळालं त्यांना?"

"तुमीच सांगा, काय मिळालं असंल त्ये." ती खड्ड्याच्या काठावर बसली आणि हाताने माती आत लोटायला लागली. मीही बसलो. दोघांनी मिळून माती लोटली. सगळा खड्डा भरला नाही, अर्धी माती कुठेतरी वाहून गेली होती. दगड आम्ही सुलटा करून ठेवला.

हात झटकत ती म्हणाली, "ह्याचा पंचनामा नाय करायचा का, भाऊसाहेब?"

मी म्हणालो, "मी आता नोकरीत नाही, संगीता."

"तवा तर व्हतात ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पूजेचं ताट उचललं आणि वाट धरली. जाताना मागे वळून म्हणाली, "गाडी कुठं लावलीया? ऊन लय झालंय, जपून जावा."

मी नोकरीत नाही हेही खरंच होतं. तसं नोंदलेलं नाही यासारखंच खरं. मला अशी खरी वाक्यं फार चांगली येतात, त्यावर माझं घर उभं आहे. घरी आलो आणि चार दिवसांनी या अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. नोकरीतल्या गमतीजमती लिहा, असं त्यात होतं. मी लिहायला बसलो तो मडक्यांच्या प्रकरणांपासून.

पंच कोणी नाहीत. सह्याही कोणाच्या नाहीत. कायद्याने याला काडीची किंमत नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? तरी नोंदवतो. धरणाच्या पात्रात, त्यांच्या स्वतःच्या चौथऱ्यावर, चरवीचं लाखेचं सील शाबूत असताना आणि पंच अजून आलेले नसताना, चांगुणाबाई माझ्यासमोर उभ्या राहून पुढीलप्रमाणे म्हणाल्या. राणीछाप रुपये, चिंधीत बांधलेले. सरी एक. गोठ दोन, पैकी एक वाकलेला. कवडी एक. वाळा एक, लहान मुलाचा. जोडी नाही.

मी ऐकलं होतं.